घुमारा

गाडी टोचन करून आली, ट्रॅक्टरच्या मागं.
चौऱ्याण्णवची मर्सिडीज, दोन दारांची,
टप कापडाचं, उंदरांनी अर्धं संपवलेलं.
शेजारचा कमानपाटेवाला म्हणाला, मुख्तारभाई,
नवरी आली, पण वरातीवाचून.

हरनारायण भक्कड ट्रॅक्टरवरून उतरले.
जालन्यात चाळीस वर्षं रोलिंग मिल चालवलेला माणूस,
बोलताना समोरच्याच्या ओठांकडं बघणारा.
म्हणाले, खाली बसव. जमिनीला टेकव.
नातवानं फोनवर दाखवलं होतं तसलं काहीतरी,
दुबईतलं, रस्ता ताटासारखा.

मी पत्र्यावर खडूनं लिहून दिलं:
इथून अंबड, गतिरोधक एकतीस.
सरकारी सहा.
बाकीचे गावांनी घातलेत, एकेक लेकरू गेल्यावर,
रातोरात, मुरमानं अन् रागानं.
त्यांच्यावरून पोट घासत जाऊ नये, शेठ.

त्यांनी वाचलं. तळहातानं पुसलं.
वर घे मग.

पंधरा दिवस गाडी घोड्यांवर.
एक स्प्रिंग सुटली ती सरळ पत्र्यात घुसली,
इलियास दोन दिवस तिकडून फिरकला नाही.
बुश जर्मनीचे मागवायचे तर मोसंबीचा एक बहार जाईल,
म्हणून मिलच्याच कपलिंगच्या रबरातून कातून घेतले.
शॉकअप दुसऱ्याच कुठल्या गाडीचे, नाव सांगत नाही.
चाळीस एमएम उचलली.
उभी राहिली तेव्हा दिसायची
चिखलात उतरण्याआधी सोगा वर खोचलेल्या बाईसारखी.
मला आवडली. कुणाला बोललो नाही.

मग सायलेन्सर.
पोरं येतात माझ्याकडं बुलेट घेऊन,
फटाका करून द्या म्हणतात,
त्यांना आवाज पाहिजे असतो दुसऱ्यांच्या खिडक्यांसाठी.
म्हणून विचारलं, दोन्ही पंजे फाकवून: केवढा?
शेठ सीटवर रेलून बसले,
हात मागं नेऊन पाठ दाखवली.
इथं. इथं आला पाहिजे.
कान मिलनं खाल्ले. पाठ अजून माझी आहे.

मधली पेटी काढून टाकली.
अडीच इंची पाइप, आर्गनचा टाका.
रबराचे झुलते हूक असतात
थरथर गाडीत चढू नये म्हणून;
तेही काढले, पाइप थेट बॉडीला आवळला.
उस्तादानं बघितलं असतं तर कानफटात दिली असती.

अठराशे फेऱ्यांच्या आसपास एक घुमारा असतो.
गिऱ्हाईक त्यालाच वैतागतं, डोकं दुखतं म्हणतं.
सव्वीस वर्षं मी त्याला मारत आलोय,
काचेची लोकर कोंबून, पाइपची लांबी फिरवून.
शोधायला निघालो तो पहिल्यांदाच.
एक बोट पाइप कापायचा, टाका मारायचा, सेल द्यायचा.
शेठ डोळे मिटून बसलेले, मान हलवायचे, नाही.
अजून एक बोट.
नाही.
मिलकडून भट्टीचा लाल उजेड यायला लागला,
इलियासच्या आईचे तीन फोन झाले.
नवव्यांदा मान हललीच नाही.
डोळेही उघडेनात.
इलियास इंजिन बंद करायला धावला,
मी हातानंच सांगितलं, राहू दे.

डिझेल नव्हतं, पेट्रोल होतं,
अन् ते माझ्या पैशाचं नव्हतं,
तरी अर्धा तास जळताना मी मोजलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांना अंबड चौफुलीवर धरलं.
टप उघडं, डोक्याला उपरणं बांधलेलं,
साठच्या पुढं काटा नाही, तरी धरलं.
तिथून थेट माझ्याकडं आले, पावती नाचवत.
वंगणाच्या बोटांनी मी ती उजेडाकडं धरली:
वाहनाचा आवाज मर्यादेपेक्षा जास्त. दंड रुपये एक हजार.

बघ, म्हणाले,
बहिरी माणसं बोलतात तसं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या जोरात,
मला वाटायलं होतं माझ्याच मनाचं असेल.
हे बघ, सरकारनं लिहून दिलंय.